ट्रॅक्टरवर वायरलेस बसवताय? आधी अँटेनाचे पाहा

नाशिकरोडजवळच्या शिंदे-पळसे भागातला ट्रॅक्टर पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात भाड्याने गेला, की मोबाइलची रेंज कधीकधी जाते. अशा वेळी दोन गाड्यांना आपसांत बोलायला २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड संच उपयोगी पडतो. पल्ला मोजक्या किलोमीटरचा आणि संच दोन्हीकडे हवा.

या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. पाव लहरीची काठी पावणेतीन मीटर भरते, म्हणून गाडीवर कॉइल असलेली आखूड काठी लावतात. ती लोखंडी भागावर रंग खरवडून घट्ट बसवा. नुसत्या फायबरवर नीट चालत नाही. संचाची वायर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, फ्यूज बॅटरीजवळच टाका. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचे बटण दाबू नका, संच जळू शकतो.

खरा धोका विजेच्या तारांचा. शेतातल्या लोंबत्या तारेला काठी लागली तर जिवावर बेतेल. द्राक्षबागेतही ती मांडवाच्या तारांत अडकते. म्हणून काठी काढता येईल अशीच बसवा आणि बागेत शिरण्याआधी काढून ठेवा.

या बँडमधल्या ५ वॅटपर्यंतच्या संचांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली. पण सूट सरसकट नाही. संच मान्यताप्राप्त आहे का, बाहेरचा अँटेना चालेल का, हे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेला लेखी विचारा. उत्तर हातात आल्यावरच पैसे मोजा.