वितरित संगणकप्रणालींसाठी वेब सेवा : उभारणी आणि सुरक्षितता

प्रस्तावना :

एखाद्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की त्याचा प्रवास एकाच संगणकावर संपत नाही. ओळखीची पडताळणी एका ठिकाणी होते, महाविद्यालयाची मान्यता दुसरीकडे नोंदवली जाते आणि रक्कम तिसऱ्याच प्रणालीतून खात्यात जमा होते. या प्रणालींचे मालक वेगळे, त्या ज्या भाषांत लिहिल्या त्या वेगळ्या, आणि त्या उभारल्याचा काळही वेगळा. अशा परस्परांना अनोळखी प्रणालींना ठरावीक स्वरूपाच्या संदेशांद्वारे एकमेकींकडून काम करवून घेता यावे, यासाठी जी व्यवस्था वापरतात तिला वेब सेवा म्हणतात. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची जडणघडण थोडक्यात सांगून तिच्या सुरक्षिततेचा विचार अधिक विस्ताराने केला आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही तो आवश्यक वाटावा, कारण आपल्या विद्यार्थ्यांचे गुण, खाते क्रमांक आणि बोटांचे ठसे याच मार्गाने प्रवास करतात.

वेब सेवांची जडणघडण :

दूरच्या संगणकावरील कार्यपद्धती आपल्या प्रणालीतून बोलावण्याची कल्पना जुनीच आहे. 1990 च्या दशकात कॉर्बा, डीकॉम आणि जावा आरएमआय ही तंत्रे त्यासाठी होती. एकाच संस्थेच्या जाळ्यात ती चालत. संस्थेच्या वेशीवरील फायरवॉलपाशी मात्र अडत. सोप या संदेशपद्धतीने हा अडसर वेगळ्या रीतीने दूर केला. संदेश एक्सएमएलमध्ये लिहावा आणि तो संकेतस्थळांसाठी आधीच उघड्या असलेल्या एचटीटीपीच्या दारातून पाठवावा, अशी ही योजना होती. सोपची 1.1 ही आवृत्ती 2000 मध्ये डब्ल्यूथ्रीसीकडे सादर झाली व 1.2 ला 2003 मध्ये शिफारशीचा दर्जा मिळाला. ही सोय हाच धोका आहे, असा इशारा सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी 2000 मध्येच दिला होता. फायरवॉल दार पाहते, आतील मजकूर वाचत नाही. म्हणून त्या दारातून येणाऱ्या आज्ञाही बिनबोभाट आत शिरतात.

सेवेचे वर्णन करण्यासाठी डब्ल्यूएसडीएल आणि सेवा शोधण्यासाठी यूडीडीआय ही नोंदवही आली. यूडीडीआयची कहाणी दोन वाक्यांत संपते. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप यांनी चालवलेली सार्वजनिक नोंदवही जानेवारी 2006 मध्ये बंद झाली, कारण अनोळखी सेवा नोंदवहीत शोधून तिच्याशी व्यवहार करणारा व्यावसायिक क्वचितच आढळतो. तरीही काही पाठ्यपुस्तकांत ती आजही चालू असल्यासारखी शिकवली जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

रॉय फील्डिंग यांनी 2000 मधील आपल्या पीएच.डी. प्रबंधात मांडलेली रेस्ट ही रचनाशैली पुढे अधिक रुजली. तिच्यात प्रत्येक संसाधनाला स्वतंत्र पत्ता असतो आणि एचटीटीपीच्याच मोजक्या क्रियापदांनी त्याच्यावर काम होते. आज नव्या सेवा बहुधा याच वळणाच्या असतात. बँका व शासकीय व्यवस्थांतील अनेक जुन्या सेवा मात्र सोपवरच चालतात.

वाहिनीची सुरक्षा व संदेशाची सुरक्षा :

सेवा सुरक्षित आहे का, असे विचारले की ‘आम्ही एचटीटीपीएस वापरतो’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. टीएलएस दोन संगणकांमधील वाहिनी कूटबद्ध करते. संदेश मधल्या संगणकावर पोहोचला की तेथे तो उघडतो व पुढच्या टप्प्यासाठी नव्याने झाकला जातो. वितरित प्रणालीत मध्यस्थ असतातच; त्या प्रत्येकावर आपला विश्वास असेल असे नाही. म्हणून संदेश स्वतःच कूटबद्ध व स्वाक्षरीत असावा, हा विचार पुढे आला. ओॲसिस या संस्थेने 2004 मध्ये मान्य केलेले डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक याच विचारातून घडले.

याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे आधारची प्रमाणीकरण सेवा. पहिला आधार क्रमांक सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. प्रमाणीकरणाची विनंती केंद्रीय भांडारापर्यंत थेट जात नाही. ती प्रथम सेवा देणाऱ्या संस्थेकडे आणि तेथून भांडाराशी जोडणी असलेल्या दुसऱ्या मध्यस्थाकडे जाते. त्यामुळे ठसा जेथे घेतला तेथेच तो एका तात्पुरत्या 256 बिटांच्या एईएस किल्लीने कूटबद्ध होतो. ही किल्ली पुढे प्राधिकरणाच्या 2048 बिटांच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली जाते. ती उघडणारी खाजगी किल्ली केवळ प्राधिकरणाकडे असते. मधल्या संस्था लखोटा वाहतात, त्यांना तो वाचता येत नाही. मजकुरात फेरफार झाल्यास कळावे म्हणून त्याचा एचमॅक सोबत जातो, आणि जुनाच संदेश पुन्हा पाठवला जाऊ नये म्हणून आत वेळेची नोंद असते. एवढे असूनही एक फट उरली होती : साठवून ठेवलेला ठसा नव्याने कूटबद्ध करून पाठवला तर? 2017 मधील 2.0 आवृत्तीने नोंदणीकृत उपकरणाची अट घातली, ती यासाठी. तेव्हापासून उपकरण स्वतः ठशावर स्वाक्षरी करूनच तो बाहेर देते.

स्वाक्षरी खरी, संदेश खोटा :

स्वाक्षरी असली म्हणजे निश्चिंत राहावे, असेही नाही. मॅकिंटॉश व ऑस्टेल यांनी 2005 मध्ये दाखवलेला हल्ला या दृष्टीने उद्बोधक आहे. सोप संदेशातील स्वाक्षरी आपण कोणत्या भागावर केली आहे हे त्या भागाच्या ओळखचिन्हाने सांगते. हल्लेखोर मूळ स्वाक्षरीत भाग उचलून संदेशाच्या शीर्षभागात कोठेतरी ठेवतो आणि त्याच्या जागी आपली आज्ञा घालतो. पडताळणी करणारा घटक ओळखचिन्हाने शोधत मूळ भागापाशी जातो व स्वाक्षरी खरी असल्याचे सांगतो; काम करणारा घटक मात्र ठरल्या जागी आलेली नवी आज्ञा वाचतो. कार्यालयातील फाइलमध्ये खालच्या कागदावरची सही लिपिकाने तपासावी आणि साहेबांनी वर टाचलेल्या दुसऱ्याच अर्जावर आदेश द्यावा, तसा हा प्रकार आहे. हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ नव्हता. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये ॲमेझॉनच्या मेघसेवेच्या सोप नियंत्रण सेवेवर तो यशस्वी करून दाखवला. दोष जाहीर होण्यापूर्वी दुरुस्तही झाला.

गणित कोठेच चुकले नव्हते. दोन घटकांनी एकच संदेश दोन रीतींनी वाचला, एवढेच. यावरचा उपायही साधा आहे : जो भाग तपासला, नेमका तोच पुढे द्यावा. रेस्ट सेवांत वापरल्या जाणाऱ्या जेडब्ल्यूटी या टोकनबाबत 2015 मध्ये असाच दोष उघड झाला. स्वाक्षरीची पद्धत ‘काहीही नाही’ असे टोकनाने स्वतःच सांगितले तरी काही संग्रहप्रणाली ते मान्य करीत होत्या. तपासणी कशी करावी हे तपासल्या जाणाऱ्यानेच ठरवावे, हा त्यातील विनोद.

ओळख पटली, अधिकार कोठे तपासला?

प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारा दोष याहून कितीतरी साधा आहे. विद्यार्थी आपल्या नावाने रीतसर प्रवेश करतो, गुणपत्रिकेच्या पत्त्यातील क्रमांकात एकाने वाढ करतो आणि शेजाऱ्याची गुणपत्रिका पाहतो. येथे कूटलेखन शाबूत आहे, ओळखही खरी आहे. पण या व्यक्तीला ही नोंद पाहण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. ओवॅस्पच्या एपीआय सुरक्षा सूचीत 2019 मध्ये हा दोष पहिल्या क्रमांकावर होता आणि 2023 च्या सूचीतही तेथेच राहिला. तो शोधणारे यंत्र बनवणे कठीण आहे, कारण कोणती नोंद कोणाची हे त्या संस्थेच्या व्यवहारालाच ठाऊक असते. म्हणून ही तपासणी प्रत्येक विनंतीला, सेवेच्या बाजूला आणि नोंदीच्या पातळीवर करावी लागते.

उत्तर न येणे :

वितरित प्रणालीत ‘होय’ आणि ‘नाही’ यांखेरीज तिसरी शक्यता असते : उत्तरच न येणे. शुल्क भरताना जोडणी तुटली तर रक्कम गेली की नाही हे विद्यार्थ्याला समजत नाही. तो पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक व्यवहाराला ग्राहक प्रणालीने आधीच विशिष्ट क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सेवेने नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत करावे, हा त्यावरील रूढ उपाय आहे. आमच्या प्रकल्प परीक्षांत तो क्वचितच दिसतो.

रेशन दुकानात हाच प्रश्न अधिक कठोर होतो. कष्टाने झिजलेले ठसे जुळले नाहीत तर ‘नाही’ येते; जाळे नसेल तर काहीच येत नाही. दोन्ही प्रसंगी धान्य नाकारणारी प्रणाली लिहिणे सोपे असते, कारण तिला एकच अट पुरते. या तीन उत्तरांसाठी तीन वेगळे मार्ग आखणे, आणि शेवटच्या दोहोंत नोंदवही, ओटीपी किंवा अन्य कागदपत्रावर धान्य देण्याची सोय ठेवणे, हा संदेशाच्या आराखड्याचाच भाग आहे; तो आज्ञावली लिहिण्यापूर्वी ठरवावा लागतो.