जगबीती आणि आपबीती

रमजान हा हिशेबाचा महिना. आमच्या मिरकरवाड्यात हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. बोट बंदराला लागून मासळी विकली गेली की डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं आणि उरलेल्या पैशाचे वाटे पडतात. जकातीचा हिशेबही सरळ आहे: वर्षभर गाठीला राहिलेल्या बचतीचा चाळिसावा भाग. अवघड असतो तो तिसरा हिशेब, स्वतःचा. त्याला 'मुहासबा' म्हणतात. आपण जे बोललो ते जगलो का, हे स्वतःलाच विचारायचं.

उर्दूत दोन शब्द आहेत, जगबीती आणि आपबीती. क्रांतीची कविता जगबीती सांगते. तिच्या तोंडी 'आम्ही' असतो. आत्मकथन आपबीती सांगतं. तिथे 'मी' एकटा, पुष्कळदा एकटी असते. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की मुहासबा होतो.

मराठीत याचं एक घरच उदाहरण आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल (१९१६–१९६९) म्हणजे आपले शाहीर अमर शेख. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. शेख हे नाव लावून हा माणूस मराठीत गायला आणि त्याच्या मराठीपणाचा दाखला कुणी मागितला नाही. कोकणी, उर्दू आणि मराठी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या आमच्या वाड्यातल्या मुलांना मी त्यांची गोष्ट मुद्दाम सांगते.

त्यांची मुलगी मलिका अमर शेख. आई कुसुम हिंदू घरातली, वडील मुसलमान, घरात वारा चळवळीचा. लग्न झालं कवी नामदेव ढसाळ यांच्याशी, १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे माहेरी क्रांती आणि सासरीही क्रांतीच. १९७९ साली मलिकाताईंचा 'वाळूचा प्रियकर' हा कवितासंग्रह आला आणि १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन. जगाला समतेची भाषा देणाऱ्या घरात आपल्या वाट्याला मारहाण, आजारपण आणि एकटेपण कसं आलं, ते त्यांनी त्यात लिहिलं. ढसाळांच्या कवितेचं मोठेपण त्यांनी नाकारलं नाही आणि त्या मोठेपणाच्या आड स्वतःचं दुःखही लपवलं नाही. लग्नानंतरही त्यांनी लावलं ते वडिलांचंच नाव.

याच मुंबईत, उर्दूत, दुसरं एक घर होतं. हैदराबादच्या मुशायऱ्यात कैफी आझमींना ऐकून शौकत त्यांच्या प्रेमात पडल्या आणि १९४७ साली लग्न करून कम्युनिस्ट पक्षाच्या कम्यूनमध्ये राहायला आल्या. कैफींच्या 'औरत' या नज्मने बाईला पुरुषाच्या बरोबरीने चालायला बोलावलं होतं. ते शब्द घरात कितपत उतरले, याची साक्ष शौकत यांच्या 'याद की रहगुजर'मध्ये आहे. तंगी आहे, कष्ट आहेत, पण सोबतही आहे. एका आत्मकथनात जखम, दुसऱ्यात माया. दोन्हीकडे निवाडा मात्र घरातल्या बाईच्या लेखणीतून आला.

म्हणून मला वाटतं, क्रांतीचं गाणं मैदानात म्हटलं जातं, पण ते खरं की खोटं हे स्वयंपाकघरात ठरतं. मशिदीत बोटीचा मालक आणि खलाशी एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ती बरोबरी आपल्या उंबरठ्याच्या आत किती येते? सहेरीला घरात सगळ्यांत आधी कोण उठतं आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर सगळ्यांत शेवटी कोण बसतं? ईदच्या चंद्राला अजून अवकाश आहे. तोवर प्रत्येक घरात, कुठल्याही धर्माच्या, हा एवढा हिशेब मांडून पाहता येईल.