दाखल्यावर नसलेला रकाना

गेल्या वर्षी श्रावणात पुण्यातील एका हृदयरोगतज्ज्ञांसमोर बसण्याची वेळ आली. जिना चढताना दम लागत होता आणि मुलाने हट्टच धरला होता. झोप, भूक, चालणे, गोळ्या असे नेहमीचे प्रश्न झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, “वडील कशाने गेले?” मी चटकन सांगितले, “हृदय बंद पडून.” ते शांतपणे म्हणाले, “काका, हृदय शेवटी प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे बंद पडले, हे मी विचारतो आहे.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. वडिलांचे घोडेगावात कापडाचे दुकान होते. १९७६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका रात्रीत ते गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. पुढे घरात त्या रात्रीविषयी कोणी बोलत नसे आणि मीही कधी विचारले नाही.

घरी येऊन जुन्या पेटीतून त्यांच्या मृत्यूचा दाखला काढला. नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक, शिक्का, सही. कारणाचा रकानाच नाही! मंचर, घोडेगाव, जुन्नर अशा शाखांतून मी पस्तीस वर्षे बँकेची नोकरी केली. मृत खातेदारांचे दावे निकाली काढताना असे शेकडो दाखले या हातांखालून गेले. नामनिर्देशन, वारसांची संमतिपत्रे, हमीपत्र, साक्षीदारांच्या सह्या हे सारे मी भिंगातून पाहावे तसे पाहत असे. मात्र माणूस कशाने गेला हे दाखल्यावर लिहिलेलेच नसते, ही गोष्ट वडिलांचा कागद हाती येईपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे, कायदाच तसा आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. खेडेगावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. नोंदवहीत कारण लिहिले जाते, परंतु दाखला देताना ते उघड करू नये, असे कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कुटुंबाची खासगी बाब चव्हाट्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. अडचण वेगळी आहे. नोंदवहीत तरी खरे कारण असते का?

रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टरांनी ‘नमुना ४’ भरायचा असतो आणि घरी झाला तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘नमुना ४ अ’. प्राण कशा रीतीने गेला ते लिहू नका, कोणत्या रोगाने वा इजेने गेला ते लिहा, अशी सूचना त्या नमुन्यावरच छापलेली असते. म्हणजे ‘हृदय बंद पडले’ हे उत्तर तिथेही चालत नाही. पण असा वैद्यकीय दाखला मिळतो किती जणांना? २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते असे मृत्यू जेमतेम २२ टक्के होते. उरलेल्यांच्या नावापुढे घरच्यांनी सांगितले ते लिहिले जाते: वृद्धापकाळ, ताप, पोटदुखी, झोपेत. बँकेत एखाद्या रकमेचे शीर्ष कळले नाही, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि तपासनीस आला की पहिले बोट त्याच खात्यावर ठेवतो. आपल्या जुन्नर-आंबेगावात घरोघरी झालेले मृत्यू वर्षानुवर्षे अशाच खात्यात पडून आहेत.

मरणाची कारणे पालटली आहेत, हे मात्र निश्चित. आमच्या आजोबांच्या पिढीचे मरण साथींचे होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएंझा. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव ‘मानमोडी’. (जुन्नरच्या मानमोडी डोंगराशी या नावाचा संबंध जोडू नये, तेथील लेण्यांच्या शिलालेखांतच ‘मानमुकुड’ हे डोंगराचे प्राचीन नाव आढळते.) त्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार मोठा बसला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती प्रामुख्याने या साथीमुळे.

लहान मुलांचे मरण तर घराघरातले होते. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली महाराष्ट्रात हा आकडा १६ वर आला. लस, स्वच्छ पाणी, रुग्णालयातील बाळंतपण यांचे हे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावे.

मग आता माणसे कशाने जातात? १९९० साली देशातील सुमारे ३८ टक्के मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी होत. २०१६ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ६२ टक्क्यांवर गेले. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, दम्यासारखे फुप्फुसांचे जुनाट विकार, कर्करोग. डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या २०२० मधील मृत्यूंत रक्ताभिसरणाचे विकार सुमारे ३२ टक्के होते, आणि ते वर्ष करोनाचे होते हे लक्षात घ्या. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी आपल्या भागात ऊस आणला, टोमॅटोने नारायणगावला पैसा आणला, दाराशी दुचाकी आल्या आणि चालणे संपले. शाकाहारी माणसाला हृदयविकार होत नाही, हा आपल्या समाजातील लाडका समज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. दुकानाच्या गादीवर दहा तास बैठक, ताटात तूप, चहाबरोबर फरसाण आणि जेवताना पापड-लोणचे एवढे असल्यावर ताटात काय नाही याला किती अर्थ उरतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ज्या प्रसंगामुळे मला स्वस्थ बसवत नाही, तो सांगतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. वर्षाला बारा रुपये हप्ता (२०२२ पासून वीस) आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये. शाखांना उद्दिष्टे होती. आम्ही गावोगाव शिबिरे घेतली आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतही जाऊन अर्ज भरून घेतले. त्यांपैकी एका वाडीतील विधवा बाई पुढच्या पावसाळ्यानंतर शाखेत आली. नवरा चाळिशीच्या आतला. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपला, मध्यरात्री पोटात दुखते म्हणून उठला. पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे बोबडे झाले. गाडी मिळेपर्यंत सारे संपले. त्याच दिवशी अंत्यविधी उरकला. पुढे तिसऱ्या दिवशी अंथरुणाजवळच्या लाकडांत मण्यार निघाली.

सर्पदंशाचा मृत्यू या योजनेत अपघात मानला जातो. पोलिसांचा कागद नसला तरी चालतो, मात्र रुग्णालयाची नोंद लागते. तिच्याजवळ ती नव्हती. शवविच्छेदन झालेले नव्हते आणि गावच्या नोंदीत ‘पोटदुखी’ असे लिहिलेले होते. दावा नामंजूर झाला. नियमाने पाहता तो निर्णय चुकीचा नव्हता. चूक मला माझी दिसते. शिबिरात मी बारा रुपयांविषयी दहा वेळा बोललो होतो. कागदाविषयी एकदाही नाही.

मण्यारीची गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, दातांच्या खुणाही बहुधा दिसत नाहीत. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळणे-बोलणे अवघड होते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. वेळेत प्रतिसर्पविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळाला, तर असा रुग्ण उठून घरी जातो. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या उपचारासाठी आणि त्याविषयीच्या लोकशिक्षणासाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिली, हे आपल्या भागाचे भाग्य. पावसाळ्यात कोणी ‘झोपेत गेला’ असे ऐकले की, हल्ली माझ्या मनात मण्यार येते.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातील बहुतेक खेड्यांत, घरीच, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून कधीच निघाला नसता. तो निघाला घरोघर जाऊन विचारल्यामुळे. प्रशिक्षित माणूस मृताच्या घरी जातो, शेवटच्या दिवसांची हकिगत विचारतो, लक्षणे टिपून घेतो आणि नंतर दोन डॉक्टर एकमेकांना न सांगता ती वाचून कारण ठरवतात. याला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. आपल्या शेजारच्या शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत, वढू येथील केंद्रातून, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र अशा नोंदी बऱ्याच वर्षांपासून ठेवत आले आहे. जुन्नर-आंबेगावाला अशी दृष्टी मिळाली तर किती सस्पेन्स नोंदी जुळतील, हा विचार माझ्यातील जुन्या हिशेबनिसाच्या मनातून जात नाही.

कारण आपल्याला स्मरतात ती वेगळीच मरणे. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही, हे प्रथम एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. १५१ माणसे गेली. हा आकडा आंबेगावातील शाळकरी मुलालाही पाठ आहे आणि असलाच पाहिजे. बिबट्याने कोणाला उचलले तर मोर्चे निघतात, महामार्ग रोखला जातो. ज्याच्या घरचे गेले त्याचा आक्रोश खराच असतो. परंतु सर्पदंशासाठी किंवा आळेफाट्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडलेल्यासाठी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. ही मरणे एकेकटी येतात, त्यांची बेरीज कोणी मांडत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले, हे उशिरा का होईना, चांगले झाले.

आपल्या अंकातील श्रद्धांजलीची पानेही यानिमित्ताने पुन्हा चाळली. ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’, ‘अरिहंतशरण झाले’. शोकाच्या घडीला यापेक्षा अधिक लिहावे, असे मी म्हणणार नाही. जाहिरात जगासाठी असते. पण घरासाठी काही लिहिलेले असते का? आपण पिढ्यांच्या वंशावळी जपतो आणि त्यात जन्म, लग्ने, मूळ गाव सारे असते. कोण कशाने गेले ते मात्र नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती लागू झाली असून, रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. उठावण्याच्या धावपळीत तो कागद मागण्याचे भान कोणाला राहणार? म्हणून घरातल्या एका शांत माणसाकडे हे काम आधीच सोपवावे. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ‘नमुना ४ अ’ मागावा. मृत्यू संशयास्पद वाटला, साप, पडणे, विजेचा धक्का असे काही असेल, तर घाई न करता रुग्णालय गाठावे. शवविच्छेदन नको म्हणून हात जोडणारी माणसे मी पाहिली आहेत आणि तीच माणसे सहा महिन्यांनी कागदासाठी हात जोडताना पाहिली आहेत.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर मी घोडेगावला आत्याकडे गेलो. ती आता एकोणनव्वद वर्षांची आहे. ऐकू कमी येते, स्मरण मात्र लखलखीत. वही घेऊन तिच्यासमोर बसलो आणि वडिलांच्या त्या रात्रीविषयी एकेक विचारू लागलो. ती म्हणाली, “दुकान बंद करून आला तोच घामानं भिजलेला. डावा हात सारखा चोळत होता. जबडा दुखतो म्हणाला, तर आम्ही दाढेला लवंग धरायला सांगितलं. मग वहिनीनं ओव्याचा अर्क दिला. वायू धरलाय, असंच सगळ्यांना वाटलं रे. दोनच्या सुमारास उलटी झाली आणि मग गेलाच.” थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, “बापूही तसेच गेले. गादीवर बसल्या बसल्या. पन्नाशी गाठली नव्हती त्यांनी.”

बापू म्हणजे माझे आजोबा. ते हिशेब लिहिता लिहिता गेले, एवढीच गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती मोठ्या अभिमानाने सांगितली जात असे.

आत्याचे शब्द होते तसे डॉक्टरांना वाचून दाखवले. त्यांनी माझी तपासणी लवकरची ठेवली आणि मुलाचे वय विचारले. तो छत्तीस वर्षांचा आहे, पुण्यात संगणकासमोर बसतो. दुसऱ्याच आठवड्यात त्याचे रक्त तपासले. कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले निघाले. आता त्याला गोळी चालू आहे आणि सकाळी तो तळजाईला चालायला जातो. मला दोन स्टेंट बसले.

वहीत आता सात ओळी झाल्या आहेत. आजोबांच्या दोन थोरल्या भावांची नावे आत्याने सांगितली: वर्ष १९१८, कारण मानमोडी, दोघेही एकाच आठवड्यात. वडिलांच्या ओळीत ‘हृदयविकाराचा झटका, आत्याने सांगितलेल्या लक्षणांवरून’ असे लिहिले आहे. आईची ओळ अजून मोकळी आहे. तिच्या अखेरच्या आजाराचे कागद धाकट्या बहिणीकडे आहेत आणि ती दिवाळीला येताना ते घेऊन येणार आहे.