वैशाली नगरातील जड पाणी आणि मलावीचे मासे

जयपूरच्या वैशाली नगरात आफ्रिकन सिक्लिड पाळू पाहणाऱ्यास एक अनुकूलता लाभते, ती अशी की, त्या परिसरातील कूपनलिकांचे सामान्यतः जड असणारे, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले पाणी मलावी सरोवरातील ‘म्बुना’ या खडकवासी सिक्लिडांना मानवते. त्यामुळे निव्वळ आरओचे पाणी येथे अहितकारकच ठरते. मात्र राजस्थानच्या भूजलात अनेक ठिकाणी नायट्रेट अधिक आढळत असल्याने पाणी आधी तपासून घ्यावे. सामू, म्हणजे पाण्याची आम्लता वा अल्कता दर्शवणारा अंक, 7.8 ते 8.6 असावा, तो घसरू लागल्यास मकराण्याच्या संगमरवराची कच, जी मूलतः कॅल्शियम कार्बोनेट असते, हळूहळू विरघळून त्यास सावरते.

टाकी किमान 4 फूट लांब असावी. हे मासे वाळू सतत उकरत असल्याने खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर बसवावेत, अन्यथा ते कोसळून काच फुटते. मासे सोडण्यापूर्वी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत रुजण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि ही प्रतीक्षा टाळणे म्हणजे माशांचा जीव धोक्यात घालणे होय. जयपूरच्या थंडीत हीटर अपरिहार्य असतो. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने हवेचा पंप अखंड चालवावा.