मतपेटीच्या आधीची निवड

मतदानाच्या दिवशी मतदारापुढे उमेदवारांची जी यादी येते, ती आधीच कोणीतरी ठरवलेली असते. मतदार निवड करतो खरी. परंतु ती कोणाकोणांतून करावयाची, हे त्याच्या हाती नसते. मतपेटीविषयी पुष्कळ बोलले जाते. तिच्या आधी होणाऱ्या ह्या निवडीविषयी मात्र फार थोडे. वस्तुतः कित्येक मतदारसंघांत खरा निकाल तेथेच लागून जातो.

आपल्या देशात ही निवड अखेर एका कागदापाशी येऊन ठेपते. बोलण्यात त्यास ‘एबी फॉर्म’ म्हणतात. पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीचा हा कागद ज्याच्या बाजूने सादर होईल, त्यास पक्षाचे चिन्ह मिळते. ती सही कोणाला विचारून व्हावी, ह्याविषयी निवडणुकीचा कायदा काही सांगत नाही. म्हणूनच निवडणूक जवळ आली, की तिकिटेच्छूंची रीघ भोपाळला, मुंबईला आणि शेवटी दिल्लीला लागते.

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरतो तो ‘प्रायमरी’ने, म्हणजे प्राथमिक निवडणुकीने. निवडणुकीच्या वर्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत एकेका राज्यात हे मतदान होत जाते. मत देणारा साधा नागरिक असतो. काही राज्यांत त्याने त्या पक्षाचा मतदार म्हणून नाव नोंदवलेले असावे लागते. काहींत तेवढीही अट नसते. थोड्या राज्यांत मतपेटीऐवजी गावोगावी सभा भरवून कौल घेतात. त्यांना ‘कॉकस’ म्हणतात. मिळालेल्या मतांच्या मानाने इच्छुकांना प्रतिनिधी मिळतात. रिपब्लिकन पक्षात काही राज्यांत पहिला येणाराच सारे प्रतिनिधी घेऊन जातो. पुढे पक्षाचे अधिवेशन भरते आणि निम्म्याहून अधिक प्रतिनिधी ज्याच्या बाजूस, तो उमेदवार ठरतो.

ही रीत तेथेही सहजासहजी रुजली नाही. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, तरी रिपब्लिकन अधिवेशनाने उमेदवारी दिली ती टाफ्ट यांना. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्या शिकागो अधिवेशनाच्या वेळी रस्त्यांवर मोठा क्षोभ उसळला आणि नोव्हेंबरात हम्फ्री पराभूत झाले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले. १९७२ पासून सामान्य मतदाराचा कौल हाच निर्णायक ठरू लागला.

हाच प्रयोग लहान प्रमाणावर इंदुरातही होऊन गेला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील सुमारे १५ मतदारसंघांत उमेदवार अशा रीतीने निवडण्याचे ठरवले. त्यांत मध्य प्रदेशातील इंदूर व मंदसौर होते; महाराष्ट्रातील लातूर व वर्धा होते. इंदुरात ह्या पद्धतीतून सत्यनारायण पटेल यांचे नाव पुढे आले. त्यांच्यासमोर होत्या भारतीय जनता पक्षाच्या सुमित्रा महाजन. चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सूनबाई आणि साऱ्या शहराच्या ‘ताई’. २००९ साली हेच पटेल त्यांच्याकडून अवघ्या ११,४८० मतांनी हरले होते. २०१४ साली ते ४,६६,९०१ मतांनी हरले. मंदसौर, लातूर व वर्धा येथेही काँग्रेसचा पराभव झाला.

ह्यावरून प्रयोग फसला असे अनेकांनी म्हटले. परंतु त्या वर्षी देशभर वाराच उलटा होता; अशा वाऱ्यात उमेदवार कसा निवडला ह्याने फारसा फरक पडत नाही. प्रयोगातील खरे उणे निराळेच होते. येथे मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी व आजी-माजी लोकप्रतिनिधी. साधा मतदार नव्हे. शिवाय अखेरचा शब्द श्रेष्ठींचाच राहिला. वडोदऱ्यात ह्याच पद्धतीने नरेंद्र रावत निवडले गेले. पुढे तेथून नरेंद्र मोदी उभे राहताच रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री यांना उमेदवारी मिळाली. निवडणूक झाली, पण एबी फॉर्मवरची सही जिथल्या तिथेच राहिली.

पुढे २०१९ साली सुमित्रा महाजन यांच्या उमेदवारीचा निर्णय दिल्लीत लांबत गेला. आठ वेळा निवडून आलेल्या आणि लोकसभेच्या अध्यक्षपदी असलेल्या ताईंनी अखेर आपण लढणार नाही असे स्वतःच जाहीर केले. २०२४ साली तर विलक्षण प्रकार घडला. काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी २९ एप्रिल रोजी आपला अर्ज मागे घेतला. मोठ्या विरोधी पक्षाचे चिन्हच मतदानयंत्रावरून नाहीसे झाले. शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी विजयी झाले आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे ‘नोटा’ ह्या पर्यायाला २,१८,६७४ मते पडली.

प्राथमिक निवडणूक असती तर हे टळले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. माणसाचे मन फिरले तर त्यास कोणतीच पद्धत आवरू शकत नाही. शिवाय प्राथमिक निवडणुकीला पैसा लागतो आणि पक्षांतर्गत गटबाजी चव्हाट्यावर येते, हेही खरे. परंतु हजारो लोकांच्या मतांनी पुढे आलेला उमेदवार त्या हजारोंना बांधलेला असतो; एका सहीने पुढे आलेला उमेदवार त्या सहीपुरताच.

इंदुरातील दोन लाखांवर मतदार त्या दिवशी केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले आणि कोणालाही मत न देता परतले. मतदानाचा हक्क त्यांना होताच. उमेदवार ठरवण्याच्या वेळी मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते.