पानाच्या शिरा: रस्ता बंद, पाणी चालू

वहीत ठेवलेलं जाळीदार पिंपळपान आठवतंय? ती जाळी म्हणजे पानाची पाइपलाइन. पाणी आत येतं, तयार झालेली साखर बाहेर जाते.

पण नुसतं पाणी पोचवायला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे पुरले असते. मग शिरा एकमेकींना जोडायचा जादा खर्च कशाला?

२०१० साली एलेनी काटिफोरी आणि मार्सेलो मॅग्नास्को या संशोधकांनी लिंबाच्या पानाला भोक पाडून त्यात चमकणारा रंग सोडला. रंग भोकाला वळसा घालून पुढे गेला! गिंको या प्राचीन वंशाच्या झाडाच्या शिरा दुभंगत जातात, सहसा परत जुळत नाहीत. तिथे भोकापुढचा भाग कोरडाच राहिला. म्हणजे जाळी हा बॅकअप आहे, अळ्यांसाठी केलेली तयारी.

केळीचा हिशेब वेगळा. पान वाऱ्याने समांतर शिरांच्या मधून फाटतं, पण प्रत्येक पट्टीला मधल्या दांड्यातून पाणी मिळतच राहतं.

आता कुरतडलेलं पान दिसलं की भोकाच्या पलीकडे बघा. तिथे हिरवं असेल, तर पाणी दुसऱ्या रस्त्याने पोचतंय.