जखम भरली, आजार नाही

लिंगावर एक लहानशी जखम उठते. ती दुखत नाही, खाजत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरूनही येते. ‘उष्णतेने झाले असेल’ असे म्हणून पुरुष ती विसरून जातो. पण ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची पहिली खूण असू शकते. जखम बरी झाली तरी जंतू रक्तात राहतात. पुढे अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात. तेही जातात. उपचार न झाल्यास काही वर्षांनी हृदय, मेंदू, डोळे यांना इजा होऊ शकते.

परमा अर्थात गोनोरिया मात्र सहसा लपत नाही. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ होते, पू येतो. क्लॅमिडियात स्राव पातळ असतो किंवा काहीच जाणवत नाही. बारीक, दुखरे फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर हर्पिसची शक्यता असते. चामखिळीसारखे कोंब, जांघेतील गाठ, वृषणाला सूज किंवा वेदना यांकडेही दुर्लक्ष करू नये.

हा प्रश्न एकट्या पुरुषाचा नसतो. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या आणि त्यांतील बहुतेकींना आयुष्यात एकच जोडीदार होता. तरीही सुमारे १४ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. जोडीदाराला लैंगिक आजार असणे, हे त्यामागचे महत्त्वाचे कारण होते. गुप्तांगावरील जखमेतून एचआयव्हीचा प्रवेश सोपा होतो, हे आता सर्वमान्य आहे.

म्हणूनच मेडिकल दुकानातून परस्पर गोळ्या किंवा मलम घेणे धोक्याचे. अर्धवट औषधाने लक्षणे दबतात, जंतूंना औषध न जुमानण्याची सवय लागते. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींच्या नादीही लागू नये. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, माहिती गुप्त ठेवली जाते. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्ताची साधी चाचणी आहे. आजार लवकर कळला तर पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन बहुधा पुरते. सोबत एचआयव्हीची चाचणीही करून घ्यावी. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते.

आणि सर्वांत अवघड, पण टाळता न येणारी गोष्ट म्हणजे घरी सांगणे. जोडीदाराचे उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला आजार पुन्हा होतो. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावेत, त्यानंतर निरोध वापरावा.